सायकलची खांदशेकणी

माझं दुकान पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बसथांब्याला लागून आहे. दुकान म्हणजे टिनाचा ठेला, एक टेबल, एक ग्राइंडर आणि खुंट्यांवर टांगलेले फवारणीचे पंप. कपाशीवर फवारायला पाठीवर घेतात ते बॅटरीवाले पंप मी दुरुस्त करतो. टाकी फुटली की लोक पंप फेकून देतात, पण आतली बॅटरी चांगली असते. अशा बॅटऱ्या जमवून मी जुन्या सायकली इलेक्ट्रिक करायला लागलो तेव्हा सगळा थांबा हसला. आता तेच हसणारे मी दुकान उघडायच्या आधी येऊन उभे राहतात. "भाऊ, माही सायकल काही चालून नाई राह्यली, पाह्य न जरा." जाऊन पाहावं तर चार्जिंगचा प्लग लावलेला आणि बटन बंद. असं झालं की माझं डोकं सणकतं. मी म्हणतो, "काका, बटन दाबायले रोज मी येत जाऊ काय तुमच्या घरी?" काका दात काढतात आणि चहा सांगतात. मग काय बोलणार, चहा प्यायचा.

काम तसं सोपं आहे. पुढचं चाक काढायचं आणि मधोमध मोटार असलेलं चाक बसवायचं. तीन पंपांच्या बॅटऱ्या एकीला एक जोडून टिनाच्या पेटीत घालायच्या, पेटी मागच्या कॅरिअरवर आवळायची. सायकलच्या नळीला कंट्रोलरची डबी बांधायची, मोटारीला किती करंट सोडायचा ते ती डबी ठरवते. उजव्या मुठीत एक्सलेटर. मूठ पिळली की चाक ओढतं. एवढ्यानं भागतं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा आमच्या वावराच्या रस्त्यानं जाऊन दाखवावं. मोटारीच्या जोरानं चाकाचा आसच फिरतो आणि वायर पिळून तोडतो, म्हणून मी जुना पाना कापून त्याची पट्टी आसाला अडकवतो. काळी माती मडगार्डात अशी भरते की चाक जागचं हलत नाही, म्हणून पावसाळ्यात मडगार्ड काढून टाकायचे आणि पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन हिंडायचं. स्पोक ढिले होतात. उंदीर वायर कुरतडतात, त्यांना तिच्यात काय गोडी लागते देव जाणे. आणि पाण्याचं भ्या तर कायमचंच. मी सगळ्या जोडांवर फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या आवळून गुंडाळतो. पावसाचे शिंतोडे सायकल सोसते. वरून धार ओतली तर मात्र खेळ खलास.

पहिली सायकल मी धंद्यासाठी केली नव्हती. ती बाबांसाठी केली होती.

माय गेली ती पौषात. सकाळी बैलांच्या कोठ्यात शेण काढता काढता खाली बसली आणि उठलीच नाही. घरात आम्ही दोघं उरलो, बाबा आणि मी. माझं लग्न झालेलं नाही. एकदा फुलसावंगीला मुलगी पाहायला गेलो होतो, तर तिच्या मामानं विचारलं, "म्हंजे नेमकं करता काय तुमी?" मी सांगितलं, पंप आणि सायकली. मामा म्हणाला, "थे झालं. आनि नोकरी?" पोहे मात्र चांगले होते.

माय गेल्यावर मला रडू आलं नाही. दिवसभर ग्राइंडर चालवला की हाताला मुंग्या येतात आणि मग तो हात आपला वाटत नाही, तसं आतून झालं होतं. तेरवी झाली, पाव्हणे गेले, मी दुकान उघडलं. गिऱ्हाईक आलं की पंप खोलायचा, साफ करायचा, लावायचा. कोणी मायचं काही बोललं तर मी "हो ना" म्हणायचो आणि पेचकस शोधायला लागायचो. बाबाही रडले नाहीत. त्यांनी उन्हाळ्यात बैलजोडी विकून टाकली. पैशाची अडचण होती म्हणून नाही. बैलांचं सगळं माय करायची, चारा, पाणी, शेण, आणि बाबांचे गुडघे गेलेले. बैल पाहणारं माणूसच गेलं तर बैल ठेवून त्यांचे हाल कशाला करायचे, असं त्यांच्या मनात असावं. झरी जामणीकडचा एक शेतकरी येऊन जोडी घेऊन गेला. कासरा त्याच्या हातात देताना बाबा म्हणाले, "डावा उलसाक भित्रा आहे. त्याच्यावर खेकसू नका." तेवढं बोलून ते ओट्यावर येऊन बसले.

आणि बसूनच राहिले. पेरणी मी भाड्याच्या ट्रॅक्टरनं उरकली, बाबा वावरात आले नाहीत. उभ्या जन्मात ज्यानं वावराला खाडा केला नाही, तो माणूस ओट्यावर बसून रस्त्यानं जाणारी कुत्री पाहायचा. मी मोटारसायकल दारात लावून म्हणायचो, "चाला, मांगं बसा, नेऊन आणतो." तर म्हणायचे, "मी काय पोतं हावो काय, मांगं टाकून न्यायले?" त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी गावात ढोलताशे वाजत होते आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपून होते. जेवण कमी झालं. सदरा अंगावर लोंबायला लागला. पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि मला बाहेर घेऊन म्हणाले, "गुडघ्याचं सोडा. माणूस हिंडता ठेवा. असेच बसून राहिले तर फार दिवस काढणार नाहीत." मी "बरं" म्हटलं. भीती वाटायला पाहिजे होती, पण तीही धड वाटली नाही. हात मात्र कामाला लागले.

घरात त्यांचीच जुनी काळी सायकल होती, पायडल मारायला गुडघे नाहीत म्हणून टांगून ठेवलेली. तिला मी मोटारीचं चाक लावलं. सीट इतकी खाली घेतली की बसल्या बसल्या दोन्ही पाय भुईला टेकावेत. कसं चालवायचं ते एकदा सांगितलं आणि ओट्याला टेकवून ठेवली. बरेच दिवस त्यांनी तिच्याकडे मान वळवली नाही. मीही काही म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडायचीही मला इच्छा नव्हती. एक दिवस दुकानातून जेवायला आलो तर ओटा रिकामा. सायकल नाही. मी तशीच मोटारसायकल वावराकडे पळवली. बाबा कपाशीच्या तासात वाकून गवत काढत होते. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीच्या सावलीत सायकल उभी होती आणि तिच्या पुढच्या चाकाजवळ त्यांनी हिरव्या गवताची एक पेंढी टाकली होती. सवयीनं टाकली असावी. मी तसाच परत आलो.

तेव्हापासून ते रोज जायला लागले. चालवायची तऱ्हा मात्र विचारू नका. ब्रेक नावाची वस्तू सायकलला आहे, हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. थांबायचं असलं की "हो हो हो" म्हणत दोन्ही हातांनी हँडल मागं ओढायचे, कासरा ओढल्यासारखं, आणि मूठ सोडून पाय घासत थांबायचे. माझ्या दुकानातल्या सगळ्या सायकलींचे ब्रेकचे रबर झिजतात, बाबांच्या सायकलचे नवेच्या नवे. चपला मात्र महिन्याला फाटायच्या. रोज सांजच्याला मी सायकल पाहायचो, स्पोक आवळायचो, चिखल खरवडायचो, चार्जिंगला लावायचो. तेव्हा ओट्यावरून बाबा बोलायचे.

"आज पुलाच्या चढावर दमला तो."

"बॅटरी उतरली असन, बाबा."

"उतरली नाई. दमला. मी उतरून पायी चढवला त्याले."

दिवसभरात आमचं बोलणं तेवढंच. मायचा विषय दोघांपैकी कोणी काढत नव्हतं. सदरा पुन्हा अंगाला बसायला लागला होता आणि मला वाटत होतं, चाललंय तसं चालू द्यावं.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी सांजच्याला आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सुजलेला असतो, म्हणून पळसाच्या पानानं तो कोमट पाण्यानं शेकतात, हळद आणि तूप चोळतात, आणि बैलाला हात जोडून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. मी दुकान बंद करून घरी आलो तर अंगणात बाबा. एका पाटावर बसलेले, बाजूला वाफ निघणारी पाण्याची गुंडी, वाटीत हळद कालवलेलं तूप, हातात पळसाची पानं. समोर सायकल. मी आवळून आवळून बांधलेल्या ट्यूबच्या पट्ट्या त्यांनी सोडून, नीट घड्या घालून ओट्यावर ठेवल्या होत्या. खांदा शेकायचा तर खांद्यावर रबर कसं चालेल. पान बुडवून बुडवून ते हँडलवर पाणी सोडत होते. दोन्ही मुठी, हँडलचा मधला जोड, नळी. पिवळं पाणी कंट्रोलरच्या डबीवरून निथळत होतं.

अरे बाप रे! माझ्या तोंडापर्यंत शिवी आली. बापाला देता येत नाही म्हणून गिळली. "बाबा" एवढा शब्द मी काढला, पण तोवर त्यांनी तुपानं माखलेले हात जोडले होते.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ते सायकलला म्हणाले. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांचा एवढा मऊ आवाज ऐकला नव्हता. मग माझ्याकडे पाहून नेहमीच्या आवाजात, "आला काय? हात धू. भात टाक."

ते आत गेल्यावर मी मूठ पिळून पाहिली. काही नाही. पुन्हा पिळली. चाक मेल्यासारखं गप्प. मी पाटावर बसलो. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुपत नाहीत, म्हणून उद्या बाबा कुठं जाणार नव्हते. परवा सकाळी मात्र ते सायकलवर बसणार आणि मूठ पिळणार. तेव्हा चाक हललं नाही तर ते उतरून ओट्यावर जाऊन बसतील, हे मला स्वच्छ दिसत होतं. एकदा ते तिथून उठले होते. दुसऱ्यांदा उठतील असं मला वाटत नव्हतं. माझ्या हातात फक्त पोळ्याचा एक दिवस होता.

सकाळीच मी पेचकस घेऊन अंगणात आलो. डबीचा पहिला स्क्रू फिरवतो न फिरवतो तोच ओट्यावरून आवाज आला.

"कायले खोलून राह्यला बे त्याले?"

"जरा साफ करतो, बाबा."

"आज कोनी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाई, आनि तू पेचकस लावून राह्यला? ठेव थे. आज त्याले कोनी हात लावाचा नाई."

"अहो, पण..."

"सांगतलं ना एकदा!"

मी पेचकस ठेवला आणि घरात येरझारा घालायला लागलो. बाबांनी सायकल पुसली, हँडलला बेगड चिकटवली, झेंडूची माळ घातली आणि बाजारातून आणलेला नवा कासरा हँडलला बांधला. मी खिडकीतून पाहत होतो आणि माझा जीव नुसता वरखाली होत होता. जवळजवळ दीड वर्षानं मला काहीतरी वाटत होतं, आणि तेही काय, तर कंट्रोलरची काळजी.

दुपार कलल्यावर गावातले बैल मारुतीच्या देवळापुढं तोरणाखाली उभे करायला लागले. शेजारच्या काकू पुरणपोळ्यांचं ताट देऊन गेल्या आणि बाबांना म्हणाल्या, "भाऊजी, चाला ना पोळा पाहाले. खुर्ची देतीन तुमाले." ते काठी घेऊन निघाले. ते वळणाआड झाले आणि मी सायकल उचलून घरात नेली. माळ, बेगड, कासरा जपून बाजूला काढला. डबी उघडली तर आत हळदीचं पाणी. एक्सलेटर उघडला तर त्यात थिजलेलं तूप. पंप खोलण्यात माझी हयात गेली, त्यात कीटकनाशक पाहिलं, चिखल पाहिला, एकदा मेलेली पाल पाहिली. तूप पहिल्यांदाच पाहिलं. मोटारसायकलमधून थोडं पेट्रोल काढून ते तूप धुतलं. घरात कापूस तर असतोच, तो घेऊन एकेक जोड टिपला. टेबल फॅनसमोर सगळे भाग मांडले. फॅननं पुरेना म्हणून चुलीवर तवा तापवला आणि त्या उबेवर डबी धरून बसलो, भाकरी शेकल्यासारखी ही बाजू, ती बाजू. बाहेर ढोल वाजत होते. मी घामानं भिजलो होतो आणि मनात एकच, ढोल थांबायच्या आत झालं पाहिजे.

ढोल थांबले तेव्हा मी शेवटची वायर जोडत होतो. मूठ पिळली आणि चाक गर्रकन फिरलं. हुश्श! मी एकटाच मोठ्यानं हसलो. डबीला आणि मुठीला पट्ट्या गुंडाळल्या. मोटारीच्या आसाजवळ वायर आत जाते तिथली पट्टी राहिली, कारण गल्लीतून काठीचा आवाज आला. मी घाईनं माळ आणि कासरा परत बांधून सायकल जागेवर नेऊन ठेवली.

बाबांनी काही ओळखलं नाही. त्यांनी कासरा धरला आणि सायकल चालवत, म्हणजे हातानं ढकलत, अंगणातून रस्त्यावर नेली. रस्त्यानं थोडं पुढं जाऊन वळवली आणि घराच्या पुढच्या दारात आणून उभी केली. तिथंच थांबले. मी दारात होतो.

"या ना आत," मी म्हटलं.

ते हलले नाहीत. माझ्याकडे पाहतही नव्हते. माझ्या खांद्यावरून आत, चुलीच्या दिशेनं पाहत होते. गल्लीत घरोघरी बैल परतत होते. पोळ्यातून बैल आला की घरची बाई दारात त्याचे पाय धुते, कुंकू लावते, ओवाळते, पुरणपोळी भरवते. त्याशिवाय बैल आत येत नाही.

"कोनी पाय नाई धुतले त्याचे," बाबा म्हणाले.

मी आत गेलो. मायचा कुंकवाचा करंडा भिंतीतल्या देवळीत होता. झाकण जाम झालं होतं, पेचकसानं उघडावं लागलं. ताटात निरांजन ठेवलं, पोळी ठेवली, तांब्याभर पाणी घेतलं. दारात आलो आणि ताट कोणत्या बाजूनं फिरवतात तेच मला आठवेना.

"उजवीकडून घे बे," बाबा म्हणाले. "हां. असं."

मी हँडलला कुंकू लावलं. ओवाळलं. मग ओंजळीत थोडं पाणी घेऊन टायरवर शिंपडलं, खालच्या बाजूला, मोटारीपासून होईल तेवढं लांब.

"ती असं शिंपडत नोयती," ते म्हणाले. "पुरा तांब्या वते ती."

माय गेल्यापासून ते तिच्याबद्दल पहिल्यांदा बोलले होते. मी चाकाकडे पाहिलं. आसाजवळचं उघडं भोक मला दिसत होतं. सगळी दुपार मी कापसानं टिपून टिपून जी सायकल कोरडी केली होती, तिच्यासमोर मी तांब्या धरून उभा होतो. सांगावं का, की बाबा, पाणी नका? दारात वृद्ध माणूस एका हातात काठी आणि एका हातात कासरा धरून उभा, त्याला मी मोटारीचं शास्त्र सांगू? मला येडा म्हणा. मी तांब्या वर उचलला आणि पुरा ओतला. पाणी आसावरून आत गेलं. बाबांनी पोळीचा तुकडा हँडलला टेकवला, दारात आलेल्या गाईला घातला आणि म्हणाले, "चाल रे, झालं. आत चाल." हे सायकलला होतं.

मी जेवलो नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं. सायकल बाबांनी रातभर आपल्या खाटेजवळच ठेवली, म्हणून मला तिला हात लावता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी धोतर आवळलं, डोक्याला रुमाल बांधला, सायकल अंगणात घेतली. मी दाराच्या आड होतो. ते बसले. मूठ पिळली. चाक हललं नाही. थोडं थांबून त्यांनी पुन्हा पिळली. मग तोंडानं चुचकारलं, "चाल बाप्पा." नाही. ते सावकाश उतरले आणि त्यांनी ओट्याकडे पाहिलं. मी पुढं आलो.

"बाबा, मी पाहतो. सांजलोक चालू करून देतो."

त्यांनी हँडलवरून तळवा फिरवला, कपाळाला ताप पाहावा तसा.

"आजारी पडला," ते म्हणाले.

"हो."

"राहू दे. आजारी बैलाले कोनी जुपते काय?" त्यांनी सायकल कोठ्यात नेली, कासरा खुंटीला बांधला, आणि काठी घेऊन फाटकाकडे निघाले.

"कुठं चालले?"

"वावरात. पायी जातो."

"अहो, तुमचे गुडघे!"

"गुडघे माहे हायेत. तुले काय करायचं?"

मी दुकान उघडलं नाही. चपला घातल्या आणि त्यांच्या मागं निघालो. गाव संपेपर्यंत ते बरे चालले. मग दर थोड्या अंतरावर थांबायला लागले. पुलाच्या कठड्यावर बसले, दोन्ही हातांनी गुडघे चोळले, पुन्हा उठले. ओळखीचा एक जण मोटारसायकल थांबवून "बसा ना काका" म्हणाला, त्याला त्यांनी काठीनंच पुढं जा म्हटलं. चढावर त्यांनी माझा दंड धरला. किती वर्षांनी धरला होता कोणास ठाऊक. ऊन चटके देत होतं, दोन्ही बाजूंना कपाशी गच्च उभी होती आणि आम्ही दोघं गोगलगाईसारखे सरकत होतो. मला सारखं वाटत होतं की आता ते खाली बसतील आणि म्हणतील, ने मले घरी. तसं ते म्हणाले नाहीत. बाकी सगळे चरायला बैल सोडून मोकळे झाले तेव्हा कुठं आम्ही वावराला लागलो.

ते धुऱ्यावर बसले. पाय लांब केले. मी पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी नुसती हातात धरून ठेवली. आलो त्या रस्त्याकडे पाहत राहिले.

"तुही माय रोज येत होती," ते म्हणाले. "पायी."

"हो."

"सैपाक करून, भाकरी डोक्यावर घेऊन. मी बैलबंडीत बसून ये. सांजच्याला मी तिले म्हणो, बस बंडीत. तर म्हणे, नाई, बैलायले वजन होते." त्यांनी बाटली खाली ठेवली. "मले वाटे, तिले चालाले आवडते."

मग ते रडायला लागले. तोंड उघडं, आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मी त्यांच्या बाजूला बसलो, त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मलाही रडू फुटलं. इतकं फुटलं की बाबांनीच मला जवळ ओढलं. दोघांनाही थांबता येईना.

नंतर त्यांनी रुमालानं आपलं तोंड पुसलं, मग त्याच रुमालानं माझं.

"जन्मभर आलो गेलो बे," ते म्हणाले. "वावर एवढं लांब आहे, हे मले मालूमच नोयतं."